आवाज आहे, चित्र नाही: नातवंडांबरोबर टीव्ही बघण्याची एका मेकॅनिकची रीत

शनिवारी संध्याकाळी माझ्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. गोष्ट १९८७-८८ ची. इंदूरच्या महाराणी रोडला माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, दहा बाय आठचं, आणि रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. आठवडाभर बंद पडून राहिलेला संच लोकांना नेमका शनिवारी आठवायचा. कुणी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचं, कुणी हातगाडीवर. “काहीही करा भाऊ, पण उद्या सकाळी चालू पाहिजे.” रात्री बारा-एकपर्यंत मी सोल्डरिंग करत बसायचो. असाच एक राहिलेला संच द्यायला रविवारी सकाळी रामबागेत एका घरी गेलो. जोडून दिला, चित्र आलं, तशी घरातल्या आजींनी टीव्हीला हार घातला, उदबत्ती लावली आणि मला म्हणाल्या, “चपला बाहेर काढ आधी.” मी मुकाट्याने चपला काढल्या आणि सगळ्यांबरोबर हात जोडून उभा राहिलो. आदल्या रात्री त्याच संचाचा फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर मी बदलला होता. आत काय काय आहे ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हात जोडले गेलेच.

पुढे १९९१ च्या लोकसभेला सीतेचं काम केलेल्या दीपिका चिखलिया वडोदऱ्यातून आणि रावण झालेले अरविंद त्रिवेदी साबरकांठातून निवडून आले. त्यामुळे ‘आजकालच्या मुलांना टीव्हीतलं खरं-खोटं कळत नाही’ असं कुणी म्हणायला लागलं की मी चहा मागवतो आणि विषय बदलतो.

आता दुकान नाही. एलईडी संचाचं पॅनल गेलं की दुरुस्तीपेक्षा नवा संच घेणंच परवडतं, तेव्हा गिऱ्हाईक कशाला येईल? आता राजेंद्र नगरच्या घरात मी, ही, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. मनू चौथीत, चिनू पहिलीत. मुलगा-सून दोघंही नोकरीला, त्यामुळे शाळेतून आल्यापासून सात वाजेपर्यंत मुलं आणि टीव्ही दोन्ही आमच्या ताब्यात. गेल्या तीन वर्षांत त्यांच्याबरोबर टीव्ही बघताना जे जमलं आणि जे फसलं ते लिहितो. तुमच्याही घरी संध्याकाळी आजी-आजोबाच असतील तर उपयोगी पडेल.

फसलेलं आधी. पहिल्या वर्षी मी रिमोट लपवला. चिनूने आठवड्यात शोधून काढला, गव्हाच्या डब्यात होता. मग मी भाषणं सुरू केली. मालिका चालू असताना मध्येच, “हे सगळं खोटं असतं बरं का.” परिणाम असा झाला की मुलं माझ्या मोबाइलवर, पलंगाखाली जाऊन बघायला लागली. टीव्ही निदान बैठकीत असतो, सगळ्यांना दिसतो. मुलं काय बघतायत हे कळणंच बंद झालं तर पुढचं काही करता येत नाही. म्हणून पहिली सूचना हीच: जे बघायचं ते मोठ्या पडद्यावर आणि आपण शेजारी. अगदी लहानांचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की वर्षाच्या आतल्या बाळाला पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एक तासाच्या वर नको. त्यापुढच्या वयाला आमच्याकडे घड्याळ लावत नाही. भाग संपला की बंद. अर्ध्या भागात बंद केलं की रडारड ठरलेली, आणि तुमच्या हातात कादंबरी असताना शेवटच्या पानावर कुणी दिवा घालवला तर तुम्हीही आरडाओरडा कराल.

आता माझी रीत. गिऱ्हाईक दुकानात आलं की मी दोनच गोष्टी विचारायचो: “आवाज आहे का? चित्र आहे का?” चित्र आहे पण आवाज नाही, तर एक रस्ता. आवाज आहे पण चित्र नाही, तर दुसरा. दोन्ही नाही, तर आधी पॉवर सप्लाय बघायचा. सगळं एकदम तपासायला गेलं की काहीच सापडत नाही. एक भाग बाजूला काढायचा आणि उरलेला बघायचा. मुलांना टीव्ही बघायला शिकवतानाही मी हेच करतो.

पहिला खेळ म्हणजे आवाज बंद. ही रोज संध्याकाळी एक मालिका बघते. तिच्यात सासूबाई दार उघडून आत येतात. एवढंच. पण येताना वीज कडाडते, तबला धडधडतो, तीनदा त्यांचा चेहरा जवळ येतो, आणि चिनू माझ्या कुशीत शिरतो. एक दिवस हिची परवानगी काढून (ही पायरी विसरू नका) मी तो प्रसंग म्यूट केला. एक बाई दार उघडून आत आली, बघत उभी राहिली, परत बघत उभी राहिली. चिनू म्हणाला, “आबा, ही काही विसरली का?” आम्ही सगळे हसलो, हीसुद्धा. मग मी परत आवाज लावला आणि विचारलं, आता भीती कुठून आली? मनूने उत्तर दिलं, “तबल्यातून.” त्यानंतर चिनूला भीती वाटली की तो स्वतःच म्यूटचं बटण दाबायला लागला. त्याच्या हातात रिमोट देण्याचा हा पहिला फायदा मला कळला.

दुसरा खेळ याच्या उलट: टीव्हीवर जुनी चादर टाकायची आणि नुसतं ऐकायचं. कोण बोलतंय, खोली मोठी की लहान, माणूस चांगला की वाईट हे ओळखायचं, मग चादर काढून पडताळायचं. यात एक गोष्ट मुलांच्या लवकर लक्षात येते. कार्टूनमध्ये आणि डब केलेल्या सिनेमांत वाईट माणसाचा आवाज नेहमी खरखरीत असतो आणि नोकर किंवा वॉचमन एका ठरावीक हेलात बोलतो. मनूने विचारलं, “आबा, आपल्या गल्लीतले वॉचमन काका असं कुठे बोलतात?” नाही बोलत. ते भिंडचे आहेत आणि तिच्या शाळेतल्या बाईंपेक्षा शुद्ध हिंदी बोलतात.

तिसरा खेळ सगळ्यात चालला, तो चिंचोक्यांचा. हिच्याकडे चिंच फोडल्यावर राहिलेले चिंचोके डबाभर होते. प्रत्येकाने मूठभर घ्यायचे आणि जाहिरात लागली की पडद्यावरचं दृश्य बदलेल तेव्हा एक चिंचोका वाटीत टाकायचा. अर्ध्या मिनिटाची एक चॉकलेटची जाहिरात आम्ही मोजली. चिनूचे १४, मनूचे २२, माझे २४. जाहिरात दर दहा मिनिटांनी परत लागतेच, त्यामुळे फेरमोजणीची सोय आपोआप होते. तिसऱ्या खेपेला तिघांचेही २४ आले. मग मी दूरदर्शनवर शास्त्रीय गायनाचा कार्यक्रम लावला आणि तेवढाच वेळ मोजला. वाटीत दोन चिंचोके. चिनू कंटाळला आणि म्हणाला, “यात काहीच होत नाहीये.” मी म्हटलं, बुवा गातायत की! “हो, पण वाटीत काही पडत नाहीये.” हे त्याने सांगितल्यावर मलाच नीट कळलं की मुलं जाहिरातीला का चिकटतात. आपण हाक मारली तर ऐकू जात नाही, कारण सव्वा सेकंदाला डोळ्यापुढे नवं काहीतरी येत असतं.

इथे मेकॅनिक म्हणून थोडी भर घालतो, मुलांना ही माहिती फार आवडते. आपल्याकडच्या जुन्या पाल पद्धतीच्या (पाल हे प्रक्षेपणाच्या पद्धतीचं नाव) टीव्हीत सेकंदाला २५ चित्रं दाखवायचे, ६२५ ओळींत. हलणारं असं पडद्यावर काही नसतं. स्थिर चित्रं भराभर येतात आणि हालचाल आपला मेंदू करतो. वहीच्या कोपऱ्यात पानापानावर उडी मारणारा माणूस काढून पानं फर्रकन सोडली की हे पाच मिनिटांत दाखवता येतं. दुसरं, भिंग घेऊन चालू टीव्हीच्या पांढऱ्या भागाकडे बघायला सांगा. पांढरं तिथे नसतंच. लाल, हिरवे, निळे बारीक ठिपके दिसतात. मोबाइलच्या पडद्यावर बोटाने टाचणीच्या डोक्याएवढा पाण्याचा थेंब ठेवला तरी हेच दिसतं, थेंब भिंगाचं काम करतो. केळ्याचं चित्र लावून बघा: पिवळा ठिपका शोधून सापडत नाही, लाल आणि हिरवा मिळून पिवळा दिसतो. टीव्हीवर मात्र पाणी नको, ते खाली ओघळून पॅनलच्या कडेत शिरतं. आणि आत काय आहे ते दाखवायच्या हौसेने माळ्यावरचा जुना डबा टीव्ही उघडू नका. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढल्यावरही ट्यूबमध्ये चार्ज राहतो. त्याचा झटका मी खाल्लाय. भिंतीवर जाऊन आदळलो होतो.

आवाज, चित्र, कट (म्हणजे दृश्य बदलणं) हे झालं की मुलं स्वतःच विचारायला लागतात की कॅमेरा कुठे होता. हा प्रश्न नुसता सांगून रुजत नाही, त्यासाठी टीव्हीवर आलेली एखादी जागा मुलांनी स्वतः पाहिलेली असावी लागते. इंदूरकरांना ती सोय आहे. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, आपल्या राजवाड्यावरूनच जाते. मागच्या वर्षी मुलाच्या मित्राच्या गॅलरीतून मनूने ती पाहिली: टँकरमधून उडणारं रंगीत पाणी, चार मजले वर जाणारा गुलाल, सगळं. रात्री बातम्यांत तीच गेर लागली. ड्रोनवरून घेतलेली, गुलालाचे ढग, माणसांचा समुद्र. मनू बघतच राहिली. “आबा, आपण इथेच होतो?” मी तिला कागद दिला आणि म्हटलं, तू पाहिलंस पण टीव्हीत नाही असं काय काय होतं ते लिही. तिने लिहिलं: दोन तास नुसतं उन्हात उभं राहणं. एका काकांची एकच चप्पल. मला सू लागली होती. गुलाल नाकात गेल्यावर येणारी शिंक. खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्या खिडक्यांना गोणपाट लावत होत्या. मग मी कागद उलटा केला: टीव्हीत होतं पण तू पाहिलं नाहीस असं? तिने लिहिलं: वरून. पुढची गल्ली. आणि शेवटी: “टीव्हीला शेवट माहीत होता.” टीव्ही खोटं बोलला असं तिच्या कागदावर कुठेही नव्हतं, आणि ते मला फार बरं वाटलं, कारण ‘सगळं खोटं असतं’ म्हणणारं पोरही शेवटी काहीच तपासत नाही.

असाच एक धडा नवलखाजवळच्या कमला नेहरू प्राणिसंग्रहालयात मिळाला. टीव्हीवर वाघ दोन मिनिटांत हरिण धरतो. इथला वाघ पाऊण तास आमच्याकडे पाठ करून झोपला होता. चिनू रागावला, “हा खराब झालाय.” (मेकॅनिकचा नातू!) घरी येऊन मी त्याला सांगितलं की वाघ दिवसाचा बराचसा वेळ झोपूनच काढतो, आणि ती दोन मिनिटं मिळवायला कॅमेरावाले कित्येक आठवडे जंगलात बसलेले असतात, बाकीचं सगळं कापून टाकतात. आणि वाघाच्या पायाखाली पाचोळा वाजतो ना, तो बहुतेक वेळा नंतर स्टुडिओत वाजवलेला असतो. लांबून भिंग लावून चित्र जवळ आणता येतं, आवाज तसा आणता येत नाही. दोघांनी मग बादलीभर वाळलेली पानं गोळा करून चिनूच्या चालण्याला आवाज दिला. घरभर पाचोळा झाला. त्यावर ही काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

बातम्यांच्या बाबतीत मात्र मी खेळत बसत नाही, तिथे मी कडक आहे. एकदा कुठलासा पूल पडल्याची बातमी चालू होती. आठ-दहा सेकंदांची एकच चित्रफीत, ती परत परत, लाल गोल काढून, बाण काढून, सावकाश करून. मी पेपर वाचत होतो. चिनू थोड्या वेळाने हळूच म्हणाला, “आबा, अजून एक पडला.” मग, “अजून एक.” त्याच्या हिशोबाने तोवर नऊ पूल पडले होते आणि बाबा ऑफिसातून पुलावरूनच येतो. त्या दिवसापासून पहिलीतलं पोर खोलीत असताना बातम्यांचं चॅनल चालू ठेवायचं नाही, हा नियम मी मला घालून घेतला. चुकून दिसलंच तर सांगायचं: हे एकदाच घडलंय, लांब घडलंय, परत परत दाखवतायत. मनूएवढ्यांसाठी वेगळं. एकच बातमी दोन चॅनलांवर आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बघायची आणि एवढंच विचारायचं: हे सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं, की कुणीतरी त्याला सांगितलं, की याला तसं वाटतं? पेपरात ‘सूत्रांनुसार’ हा शब्द सापडला की मनू पेन्सिलीने गोल करते.

आता जाहिराती. सात-आठ वर्षांपर्यंतच्या मुलाला जाहिरात आपल्याला काही विकायला आलीय हे कळतच नाही. त्याला ती छोटी गोष्ट वाटते. म्हणून चिनूला मी फक्त ओळखायला सांगतो: कार्यक्रम संपला कुठे, जाहिरात सुरू झाली कुठे. त्याने ‘लागली!’ असं ओरडायचं. मनूने मात्र विचारलं की चॅनलवाले इतकं सगळं दाखवतात, मग त्यांना पैसे कोण देतं. केबलचं बिल आपण देतो, पण तेवढ्याने भागत नाही. मी तिला कॉलनीच्या गणपती मंडळाची कमान आठवायला सांगितली. कमानीवर सोन्याच्या दुकानाचं नाव असतं, कारण दुकानाने वर्गणी दिलेली असते आणि दर्शनाला येणारा प्रत्येकजण ते नाव वाचतो. जितकी गर्दी जास्त तितकी वर्गणी जास्त. टीव्हीची गर्दी मोजायला देशभरात पन्नास हजारांहून जास्त घरांत मीटर बसवलेले आहेत, त्यावरून दर आठवड्याला आकडे निघतात. “म्हणून वीज कडाडते का?” मनूने विचारलं. म्हणूनच.

केबलच्या १९९४ च्या नियमांत असं आहे की तासाला बारा मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवायच्या नाहीत: दहा मिनिटं विकण्याच्या, दोन मिनिटं चॅनलच्या स्वतःच्या. एका संध्याकाळी मनूने सात ते आठ घड्याळ लावून मोजलं आणि तिची बेरीज सतरा मिनिटांवर गेली. चॅनलचं नाव सांगत नाही, आणि तिच्या मोजण्यात चूकही असेल. पण वेळेची बेरीज-वजाबाकी तिला त्या तासात जितकी पक्की झाली तितकी गणिताच्या पुस्तकाने झाली नव्हती.

दुधात घालायच्या पावडरीचं आमच्याकडे मोठं प्रकरण झालं. जाहिरातीत मुलगा पितो आणि दारावरच्या खुणेपेक्षा उंच होतो. चिनूला तीच पाहिजे. मी आणली, भांडण नको म्हणून, आणि डबा मुलांच्या पुढ्यात ठेवला. डब्याच्या मागे घटकांची यादी असते आणि जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी लिहायचा असा नियम आहे. म्हणजे पहिली तीन नावं वाचली तरी डब्यात मुख्य काय आहे ते कळतं. खाली १०० ग्रॅममध्ये साखर किती तेही लिहिलेलं असतं. आमच्या डब्यावर आकडा तिशीच्या पुढे होता. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढी साखर वाटीत मोजली आणि शेजारी डबा ठेवला. वाटीकडे दोघं बराच वेळ बघत होते. चिनूने त्यात बोट घालून चाटलं, ते असो. मग जाहिरात परत लागली तेव्हा मनूने मोबाइलवर तिचा फोटो काढला आणि खालची मुंगीएवढी अक्षरं मोठी करून वाचली. मुलगा उंच होतो ते ‘केवळ कल्पनाचित्र’ आहे, असा इंग्रजीत मजकूर होता. २०२२ मध्ये केंद्राने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल नियमावली काढली, त्यात खालची टीप दाव्याच्याच भाषेत असली पाहिजे असं स्पष्ट म्हटलंय, आणि मुलांच्या चॅनलवर चिप्स-कोल्ड्रिंकच्या जाहिराती नकोत असंही. फोटो काढायची सवय लावा. नुसतं डोळ्यांनी ती अक्षरं वाचून होत नाहीत, तोवर जाहिरात पुढे गेलेली असते.

इंदूरच्या मराठी घरांसाठी एक वेगळी गोष्ट. आपल्या मुलांची शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, आणि मराठी फक्त घरात आणि टीव्हीत. त्यामुळे टीव्हीतलं मराठी त्यांना खरं वाटतं आणि आपलं खोटं. एकदा ही म्हणाली, “आज बटल्याची उसळ आणि गिलकीची भाजी आहे.” मनू म्हणाली, “आजी, बटला चूक आहे, मटार म्हणायचं, आणि गिलकीला घोसाळं. टीव्हीत तसंच म्हणतात.” हिचा चेहरा पडला. मी मनूला विचारलं, मालिका कुठे होते? मुंबईत. तिथल्या भाजीवाल्याला बटला माग, तो तुझ्याकडे बघत राहील. इथल्या मंडईत घोसाळं माग, इथलाही बघत राहील. मग? आता तिच्या वहीत दोन रकाने आहेत, ‘टीव्हीत’ आणि ‘आपल्यात’. ओटा-ओटला, मटार-बटला, असे चाळीसेक शब्द झालेत. टीव्हीवरून नवे मराठी शब्द जरूर शिकवा, मनू ‘हिरमुसणे’ तिथेच शिकली. पण पहिल्या रकान्याने दुसरा पुसू देऊ नका.

वाचायलाही टीव्हीचा उपयोग होतो. अहमदाबादच्या आयआयएममधले ब्रिज कोठारी यांनी गाण्याच्या ओळी त्याच भाषेत पडद्यावर दाखवायची कल्पना मांडली आणि १९९९ पासून गुजराती दूरदर्शनवर ती वापरली गेली. गाणं ऐकता ऐकता लोकांचं वाचन सुधारतं. घरी करायला सोपं आहे. मराठी सिनेमा बघताना सबटायटल मराठीच मिळालं तर लावा. चिनूची जोडाक्षरं अशीच सुटली.

क्रिकेटवर मी जास्त लिहीत नाही, नाहीतर थांबणार नाही. एवढंच की मनूचे भागाकार धावगतीवर झाले. ८ डिसेंबर २०११ ला आपल्या होळकर स्टेडियमवर सेहवागने वेस्ट इंडिजविरुद्ध १४९ चेंडूंत २१९ केले, तेव्हा दुकानाबाहेर रस्ता बंद झाला होता. त्या डावाचा चेंडूमागे धावांचा हिशोब तिला करायला लावला. दशांश चिन्हानंतर किती घरं जायचं यावर आमचं भांडण झालं.

एक सावधगिरी. हे सगळं चालू केलं की मुलं फार आगाऊ होतात. हिच्या मालिकेत नायिका रडायला लागली की मनू म्हणायची, “ग्लिसरीन.” वीज कडाडली की चिनू म्हणायचा, “तबला.” तिसऱ्या दिवशी हिने जाहीर केलं की उद्यापासून जेवायला मिळणार नाही. आता नियम आहे: आजीची मालिका चालू असताना तोंड बंद, बोलायचं ते जाहिरातीत. आणि दिवसाला एकच खेळ. रोज रोज सगळंच सोलायला गेलं तर बघण्यातली मजा जाते, आणि कधीकधी मुलांना हसू-रडू येऊ द्यावं. मीही चपला काढल्याच होत्या.

शेवटचं काम जरा मोठं आहे, सुट्टीच्या दिवशी करायचं: मुलांना स्वतः जाहिरात करायला लावायची. अर्ध्या मिनिटाची, मोबाइलवर. आम्ही हिच्या पोह्यांची केली. पोहे बशीत घातले, वर शेव, डाळिंबाचे दाणे, कोथिंबीर, जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला). मनूने मोबाइल धरला. पोह्यांतून वाफ येत होती पण पडद्यावर दिसेना. मी सांगितलं, मागे काळं काहीतरी लाव आणि दिवा बाजूने, मागच्या अंगाने मार. हिची काळी शाल खुर्चीवर टाकली, टेबललॅम्प मागे ठेवला, आणि वाफ दिसली. पण तोवर चिनूने वाक्य चुकवलं. परत. मग शेव ओली झाली म्हणून ती उचलून नवी घातली. मग हिने “बाळांनो, खा आता” म्हटलं ते आवाजात आलं. अकराव्या वेळी सगळं जमलं, पण पोहे थंडगार, वाफ नाही. मनूने चहाचा कप शालीमागे लपवला आणि चहाची वाफ पोह्यांवर आणली. चिनूने थंड पोह्यांचा घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाला, “गरमागरम!”

संध्याकाळी सूनबाई बँकेतून आली, तिला दाखवलं. तिने चिंचोके घेतले नव्हते. बघून म्हणाली, “आई, अजून आहेत का हो थोडे? काय वाफाळलेले दिसतायत!” मनू आणि चिनू एकमेकांकडे बघत राहिले. दोघांनीही तिला काही सांगितलं नाही.